जळालेल्या गावातून आलेली पात्रे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या फँटसी रोलप्लेइंग खेळांची ओळख करून देणारा लेख वाचला. दादर, गिरगाव, पार्ले, बोरिवली अशा ठिकाणी मराठी मुलेमुली सुट्टीच्या दिवशी चार-पाच तास एका जागी बसतात, मोबाइल बाजूला ठेवतात आणि सगळ्यांनी मिळून एक कथा रचतात, याची दखल एका मराठी वृत्तपत्राने घेतली याचे मनापासून समाधान वाटले. पात्र कसे तयार करावे यालाही लेखात बरीच जागा दिलेली होती. परंतु कोणत्या क्लासला, म्हणजे पात्राच्या योद्धा, चेटक्या अशा प्रकाराला, कोणता गुण वाढवून घ्यावा, कोणते शस्त्र निवडावे आणि पहिल्या लेव्हलला कोणते मंत्र पदरात पाडून घ्यावेत, यातच ती संपली. ही माहिती नव्या खेळाडूला लागतेच. मात्र केवळ तिच्या बळावर उभे राहिलेले पात्र लढाईत टिकते आणि लढाई संपली की टेबलावर मुके होऊन बसते, हे माझ्या घरी चालणाऱ्या खेळात आणि इतरांच्या टेबलांवरही मी वारंवार पाहिले आहे. मी दादरला राहते, काही वर्षे डंजन मास्टर म्हणून खेळ चालवते आहे आणि त्याआधी महाविद्यालयीन एकांकिकांत काम केले आहे. पात्ररचनेची जी बाजू लेखात राहून गेली, तिच्याविषयी त्या अनुभवातून लिहीत आहे.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर या प्रकारातला पहिला प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन रचनाकारांनी १९७४ साली आणला. त्याआधी ही मंडळी टेबलावर छोट्या सैनिकांच्या पलटणी मांडून युद्धाचे खेळ खेळत असत. नवा खेळ वेगळा ठरला तो एका साध्या बदलामुळे: प्रत्येक खेळाडूच्या हाती अख्खी फौज देण्याऐवजी एकच व्यक्ती देण्यात आली. ती व्यक्ती काय करते, काय बोलते, कुठे जाते हे खेळाडूने सांगायचे. भोवतालचे जग आणि त्यातली बाकीची माणसे डंजन मास्टरने उभी करायची. आणि एखाद्या कृतीचा निकाल अनिश्चित असेल तेव्हा फासा टाकायचा. एवढ्यावर गेली पन्नास वर्षे हा खेळ चालत आला आहे. म्हणजे पात्र हा या खेळाचा मूळ शोध आहे, आणि तेच अर्धवट राहिले तर उरतो तो पलटणींचाच जुना खेळ.

आता मुख्य मुद्दा. नवा खेळाडू माझ्या टेबलावर येतो तेव्हा त्याच्या पात्राची पूर्वकथा बहुतेक वेळा मला आधीच ठाऊक असते. पात्राचे गाव जाळले गेलेले असते. आईवडील मारले गेलेले असतात. गुरू असलाच तर त्याचाही खून झालेला असतो. पात्र एकटेच रानावनात वाढलेले असते, ते कोणावर विश्वास ठेवत नाही आणि त्याला सूड घ्यायचा असतो. अशा पात्राच्या दुःखाविषयी माझी तक्रार नाही. मोठ्या कथा दुःखातूनच निघतात. पण या पात्राला जगात कोणीच उरलेले नसल्यामुळे त्याच्या कोणत्याही कृत्याचा कोणावर काहीच परिणाम होत नाही. त्याने शौर्य गाजवले तर कौतुक करणारे कोणी नाही, चोरी केली तर ज्याच्यासमोर मान खाली घालावी असे कोणी नाही, आणि सूड पूर्ण झाल्यावर परत जायला घर नाही. माणसाचा स्वभाव आपल्याला कळतो तो तो दुसऱ्या माणसांशी कसा वागतो यावरून. ती माणसेच कथेतून आधी काढून टाकली, तर स्वभाव दिसायचा कुठे?

खेळाडू असे का करतात, याचे कारण मी अनेकांना विचारले आहे आणि त्यांचे उत्तर प्रामाणिक असते. आईवडील जिवंत ठेवले की डंजन मास्टर त्यांनाच पळवून नेतो, ओलीस ठेवतो किंवा दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला मारून टाकतो. त्यापेक्षा आपणच त्यांना आधी मारलेले बरे, असे त्यांना वाटते. ही भीती अनाठायी नाही, आणि तिची जबाबदारी माझ्यासारख्या खेळ चालवणाऱ्यांवर येते. खेळाडूने विश्वासाने आपल्या पात्राची धाकटी बहीण आपल्या हाती सोपवली, तर ती केवळ संकटात पडण्यासाठी आहे असे समजणे हा त्या विश्वासाचा अपमान आहे. बहिणीचे लग्न ठरू शकते, तिला नायकाच्या कीर्तीचा त्रास होऊ शकतो, ती शहरात दुकान थाटू शकते आणि नायकाला उधारीवर तेल-दोर देण्यास नकारही देऊ शकते. डंजन मास्टरने हे एकदा करून दाखवले की पुढच्या वेळी तोच खेळाडू आपणहून आजोबा, मामा आणि शेजारी घेऊन येतो.

म्हणून नव्या खेळाडूला मी एकच प्रश्न आधी विचारते: तुझे पात्र आज रात्री परतले नाही, तर ते सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येईल? मुंबईत लोकल अर्धा तास उशिरा आली तरी घरी फोन करावा लागतो. इथल्या कोणाही मुलामुलीला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. अकरावीतली एक मुलगी रानात भटकणाऱ्या रेंजरचे पात्र घेऊन आली होती, अर्थातच जळालेल्या गावातली. या प्रश्नावर ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली आणि मग म्हणाली, “आत्याच्या.” मी विचारले, ही आत्या कुठे राहते? तर घाटाच्या तोंडाशी, जिथे जकात नाका आहे. ती काय करते? घाट चढून येणाऱ्या तांड्यांच्या बैलांना पाणी दाखवते आणि दिव्यांचे तेल विकते. तिला भाचीचे काम आवडते का? “नाही, तिला वाटतं मी रानात वेळ फुकट घालवते. पण मी आल्याशिवाय ती दिवा मालवत नाही.” हे सगळे पाच मिनिटांत झाले. या संवादानंतर त्या रेंजरला घाटाची वाट का माहीत आहे, तांड्यांची बोली का समजते, उजेड दिसला की ती का थांबते आणि मोठ्या बायकांसमोर तिचा आवाज का खाली येतो, हे सारे कोणी न सांगता ठरले. पुढे खेळात ती आत्या जेमतेम चार-पाच वेळा प्रत्यक्ष आली असेल, परंतु त्या मुलीने घेतलेल्या प्रत्येक मोठ्या निर्णयात ती होती. गाव जळालेलेच राहिले. ते पुसून टाकण्याची गरज पडली नाही.

जिवंत नात्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पोटापाण्याचा उद्योग. तलवार हाती घेण्यापूर्वी हे पात्र काय करत होते? १९७७ साली आलेला ‘ट्रॅव्हलर’ हा अंतराळातल्या प्रवासांचा खेळ मला याबाबतीत फार आवडतो. त्यात पात्र अठराव्या वर्षी नोकरीत शिरते, चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी नौदलात, व्यापारी जहाजांवर किंवा अन्यत्र काम करते, आणि त्या काळात जे शिकले ते घेऊनच खेळात उतरते. मूळ नियमांप्रमाणे तर पात्र खेळ सुरू होण्याआधीच नोकरीत मरूही शकत असे. एवढी कठोरता नको असेल तर सोडून द्यावी, पण तत्त्व घ्यावे. कुंभाराच्या घरात वाढलेल्या योद्ध्याला ओली माती आणि वाळलेली माती हाताने ओळखता येते, त्यामुळे गुहेतली भिंत नुकतीच लिंपलेली आहे हे त्याला कळू शकते. नावाड्याच्या मुलाला भरती-ओहोटी कळते. सावकाराकडे वह्या लिहिणाऱ्या चेटक्याला राजवाड्यातला हिशेब कुठे फिरवला आहे ते दिसते, आणि त्याच सावकाराचे त्याच्यावर जुने कर्ज असेल तर फारच उत्तम, कारण कर्ज हे या जगात परत जाण्याचे पक्के कारण आहे. राक्षसाच्या गुहेतल्या सोन्याची प्रत्येकालाच इच्छा असते. ते सोने नेमके कशासाठी हवे, हे ठरल्यावर पात्राला चेहरा येतो.

इथे एक सावधगिरी मला महत्त्वाची वाटते. आपल्या भागातला गाव खेळात आणायचा म्हटले की बारा बलुतेदार, वाडे, वेस, पाणवठे हे सारे आपोआप येते आणि ते यावेच. परंतु त्या व्यवस्थेत उद्योग जन्माने ठरत असे आणि त्याबरोबर माणसाची किंमतही ठरवली जात असे, हे विसरून ती चित्रासारखी टेबलावर मांडू नये. कोणाचा स्वभाव किंवा कुवत त्याच्या जन्मावरून ठरवणारे पात्र लिहिणे आपल्याला तर शोभतच नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांतही या दिशेने बदल झाला आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ड्वार्फ कुळात जन्मलेल्या पात्राला काटकपणाचे आणि एल्फ कुळातल्या पात्राला चपळाईचे दोन जास्तीचे गुण जन्मतःच मिळत. २०२४ च्या सुधारित नियमपुस्तकात ही वाढ कुळाकडून काढून पार्श्वभूमीकडे, म्हणजे पात्र पूर्वी काय करत होते आणि कुठे घडले याकडे, सोपवण्यात आली. मला हा बदल योग्य वाटतो. पात्र कष्टाने काय शिकले याला त्यात मोल आले आहे.

आकड्यांविषयी आपल्या लेखात जे आले होते त्याला थोडी पुस्ती जोडते, कारण आकडे आणि स्वभाव यांचे वैर नाही. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाची छाप असे सहा गुण प्रत्येक पात्राला असतात. ते फासे टाकून ठरवता येतात किंवा १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे ठरावीक आकडे हवे तसे वाटून घेता येतात. नव्या खेळाडूचे सगळे लक्ष पंधरावर असते आणि आठ कुठे लपवावा या विवंचनेत तो असतो. वास्तविक सर्वसाधारण माणसाचा गुण दहा धरलेला आहे. आठ असेल तर फाशावर एक वजा होतो, पंधरा असेल तर दोन मिळवले जातात. बंद दार खांद्याने उघडायला फासा आणि हा फरक मिळून पंधरा लागत असतील, तर पंधरा बळाचे पात्र वीस बाजूंच्या फाशावर ४० टक्के वेळा यशस्वी होते आणि आठ बळाचे २५ टक्के वेळा. म्हणजे आठवाला चारातून एकदा दार उघडतोच. तरीही बुद्धी आठ असली की खेळाडू आपले पात्र एकदम ठोंब्या करून टाकतात, तोंड वेंगाडून बोलतात आणि दोन सेशनांनंतर स्वतःच कंटाळतात.

आठ बुद्धीचा माणूस आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. त्याला पाठांतर होत नाही, सनावळ्या लक्षात राहत नाहीत, कागदपत्र वाचताना तो दुसऱ्याला सोबत घेतो. त्याच माणसाचे शहाणपण चौदा असू शकते, आणि खेळाच्या नियमांत शहाणपण म्हणजे निरीक्षण आणि समोरच्याच्या मनाचा अंदाज. शाळेची पायरी न चढलेली आजी दारात आलेल्या पाहुण्याकडे एकदा पाहून हा पैसे मागायला आला आहे हे ओळखते, ती आठ आणि चौदा यांच्या मेळातूनच. माझ्या टेबलावरच्या एका मुलाने त्याच्या बलदंड योद्ध्याला नेमके हेच आकडे दिले आणि असे ठरवले की ह्याला लिहिता-वाचता येते पण फार हळू, आणि लोकांसमोर वाचायची वेळ आली की तो काहीतरी निमित्त काढून बाहेर जातो. पुढे एका जाहीरनाम्यावरून खेळात मोठा गोंधळ झाला, कारण तो सर्वांत आधी याच्या हाती पडला होता. कमी आकडा लपवला असता तर ती कथा घडलीच नसती.

यावरून दोषाचा विषय येतो. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत प्रत्येक पार्श्वभूमीसोबत स्वभावविशेष, आदर्श, बंध आणि दोष अशा याद्या दिलेल्या होत्या, आणि खेळाडूने त्यांना धरून पात्र रंगवले तर डंजन मास्टर त्याला इन्स्पिरेशन देत असे; ते वापरून पुढे एकदा दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येई. निम्मीच शक्यता असलेली गोष्ट त्यामुळे ७५ टक्क्यांवर जाते. ही योजना चांगली होती, तरी खेळाडू दोष निवडताना हात आखडता घेतात. “मी मित्रांसाठी जरा जास्तच धाडसी होतो” हा दोष म्हणता येणार नाही, ती आत्मस्तुती आहे. ज्यामुळे पात्राचे आणि कधी कधी सोबत्यांचेही खरे नुकसान होऊ शकते, आणि तरी ज्याच्यामुळे आपल्याला ते पात्र नकोसे होत नाही, तो दोष कामाचा. ‘फेट’ नावाच्या खेळात तर पात्राची एक अडचण सुरुवातीलाच ठरवून लिहायची असते. खेळ चालवणारा त्या अडचणीवर बोट ठेवून पात्राला पेचात पाडतो आणि खेळाडूने ते स्वीकारले तर त्याला मोबदला म्हणून एक पॉइंट देतो. १९८५ साली ग्रेग स्टॅफर्ड यांनी रचलेल्या ‘पेंड्रागन’मध्ये स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत: दयाळू आणि क्रूर, उदार आणि स्वार्थी, शूर आणि भित्रा अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस असते; म्हणजे चौदा दयाळू असलेल्या सरदारात सहा क्रौर्य असतेच. ही कल्पना मला फार खरी वाटते. मी डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतानाही नव्या खेळाडूंना अशा दोन-तीन जोड्या कागदाच्या कोपऱ्यात लिहायला सांगते.

स्वभावाच्या दोन बाजू एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात तेव्हा पात्र खऱ्या अर्थाने दिसते. पॅलाडिन हा शपथबद्ध योद्धा असतो आणि त्याच्या एका प्रसिद्ध शपथेत खोटे न बोलणे आणि दुर्बळांना जपणे ही दोन्ही कलमे आहेत. आमच्या खेळात असा एक पॅलाडिन होता. एका गिरणीच्या तळघरात शेतकऱ्यांची कुटुंबे लपलेली होती आणि दारात राजाचे शिपाई येऊन उभे राहिले. त्यांनी सरळ विचारले, आत कोणी आहे का? पॅलाडिन चालवणारा मुलगा थांबला. शेजारच्याने फासा पुढे सरकवला, खोटे बोलण्याचा रोल करून टाक म्हणाला. त्याने फासा हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाला, “मी उत्तर देत नाही. मी ढाल काढतो, उंबऱ्यावर बसतो आणि त्यांना सांगतो की मी इथून उठणार नाही.” शिपायांना आत काय आहे ते अर्थातच कळले, पुढे लढाई झाली आणि दोन सोबती जबर जखमी झाले. त्यांच्यापैकी एकाने नंतर खेळातच त्याला सुनावले की तुझ्या सत्यापायी माझा हात गेला असता. त्या एका प्रसंगातून दोन पात्रे घडली, आणि दोघांच्याही लेव्हल तेव्हा तीनच्या वर नव्हत्या.

पूर्वकथा किती लांब असावी, असे मला पालकही विचारतात, कारण त्यांना घरात वहीच्या वह्या भरलेल्या दिसतात. लिहिण्याची हौस असेल तर अवश्य लिहावे, पण टेबलावर आणताना ते एका पानात बसवावे आणि त्यातही जागा मोकळी ठेवावी. वडील घर सोडून गेले एवढे लिहावे, का गेले ते लिहू नये. खांद्यावर व्रण आहे हे लिहावे, त्याची हकिकत खेळाडूला स्वतःलाही अजून ठाऊक नसली तरी चालेल. कोकणातल्या दशावतारात नटाच्या हातात लिखित संहिता नसते. रंगपटात कथानक ठरवून घेतले जाते, आपण कोण आहोत आणि आपला स्वभाव काय हे नटाला पक्के माहीत असते, आणि समोरच्याच्या बोलण्यातून संवाद जागच्या जागी उभे राहतात. या शहरात कोकणातून आलेल्या कितीतरी घरांत हा रात्रभर चालणारा खेळ पाहिलेली माणसे आहेत. आपल्या नातवंडांचा हा नवा खेळ त्यांनी एकदा शेजारी बसून पाहिला तर त्यांना त्यात काहीही परके वाटणार नाही. आपले सगळे बोलणे आधीच लिहून आणलेला खेळाडू समोरच्याचे ऐकेनासा होतो, आणि न ऐकणाऱ्या खेळाडूचे पात्र लिहिलेल्या पानापलीकडे वाढत नाही.

पात्र एकट्याने घरी बसून पूर्ण करू नये, याचेही कारण हेच. पहिल्या लढाईपूर्वी सगळ्यांनी एकदा नुसते बोलण्यासाठी बसावे, ज्याला खेळाडू सेशन झिरो म्हणतात. कोणाला कोणता विषय खेळात नको आहे तेही तिथेच मोकळेपणाने सांगून टाकावे. त्या बैठकीत प्रत्येकाने आपल्या उजव्या बाजूच्या खेळाडूला त्याच्या पात्राविषयी असा एक प्रश्न विचारावा की ज्याच्या उत्तरात आपलेही पात्र असेल: माझे कोणते गुपित तुला माहीत आहे? मी तुला दिलेला कोणता शब्द अजून पाळलेला नाही? एवढे केले की सरायीत पाच अनोळखी माणसे योगायोगाने एकत्र आली, ही झिजलेली सुरुवात टाळता येते. एकलकोंडे, तुसडे पात्र रंगवायला काहीच हरकत नाही, पण या विशिष्ट चौघांसोबत ते का राहते याचे उत्तर ते रंगवणाऱ्यानेच द्यायचे असते. सोबत्यांची थैली चोरून “माझं पात्र असंच वागेल” म्हणणाऱ्या खेळाडूला मी शांतपणे सांगते की पात्र तू निर्माण केले आहेस, आणि ज्यांच्यासोबत राहता येईल असा स्वभाव त्याला देणे तुझ्या हातात होते.

नाव, पोशाख, आवाज या गोष्टींवर नवे खेळाडू फार वेळ घालवतात. माझ्या मते त्या हळूहळू सापडतात. चारचौघांना उच्चारता येईल असे नाव असावे एवढे पुरे. भाषेबाबत मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते. आमच्या टेबलावर नियमांचे शब्द इंग्रजीतून आलेले असतात, हिट पॉइंट (पात्र किती मार सोसू शकते त्याचा आकडा), रोल, स्पेल हे तसेच राहतात. परंतु पात्र बोलू लागते तेव्हा ते मराठीत बोलले की मुले मोकळी होतात. इंग्रजीत जो राजा साऱ्या मुलांच्या तोंडी सारखाच बोलतो, तोच मराठीत कोणाचा करारी होतो, कोणाचा लाघवी, कोणाचा चिडका. मालवणी, वऱ्हाडी, आगरी बोली ज्यांच्या घरात बोलल्या जातात त्यांनी त्या जरूर आणाव्यात. ज्यांच्या घरात नाहीत, त्यांनी हसे करून घेण्यासाठी एखाद्या विदूषकी पात्राला त्या चिकटवू नयेत.

आणखी एक व्यावहारिक फायदा सांगण्याजोगा आहे. या खेळात पात्रे मरतात. हिट पॉइंट शून्यावर आले की जीव वाचवण्याचे फासे टाकायचे असतात आणि त्यात तीनदा अपयश आले की पात्र गेले. जळालेल्या गावातला अनाथ मरतो तेव्हा त्याच्यासोबत त्याची सगळी कथा संपते, आणि खेळाडू पुढच्या आठवड्यात दुसरा अनाथ घेऊन येतो. ज्याच्या मागे माणसे असतात त्याच्या मृत्यूची बातमी कोणाला तरी द्यावी लागते. सोबत्यांपैकी कोणीतरी ती घेऊन त्याच्या घरी जातो, आणि अनेकदा त्या घरातूनच पुढचे पात्र उठते: धाकटा भाऊ, मुलगी, हिशेब मागायला निघालेली बायको. रेंजरच्या त्या आत्याविषयी मी वर लिहिले आहे. रेंजर एका पुरात वाहून गेली, तेव्हा त्या मुलीने नवे पात्र म्हणून आत्यालाच निवडले. पन्नाशीची, गुडघे दुखणारी, बळ आठ आणि शहाणपण पंधरा असलेली बाई, जिला घाटावरचा प्रत्येक तांडेवाला ओळखतो.

आपल्या पुरवणीकडे एक विनंती आहे. पात्राचे छापील कागद आज प्रामुख्याने इंग्रजीत मिळतात आणि त्यांत आकड्यांना जेवढी जागा असते तेवढी माणसांना नसते. ज्यात नातेवाईक, उद्योग, देणे-घेणे आणि स्वभावाच्या जोड्या यांसाठी रकाने आहेत, असा एक पानाचा मराठी नमुना आपण सुट्टीच्या काळातल्या एखाद्या अंकात छापावा. मुलांना तो कापून वापरता येईल. तो तयार करण्यास मी आनंदाने मदत करीन. त्याचबरोबर दादर, गिरगाव आणि उपनगरांतल्या वाचनालयांनी रविवारी दुपारी सहा खुर्च्यांचे एक टेबल अशा खेळांसाठी द्यावे, असे आवाहनही आपण करावे. पुष्कळ मुलांच्या घरात पाच जणांना तीन-चार तास बसता येईल एवढी जागा नसते, आणि सोसायटीच्या सभागृहाचे भाडे त्यांना परवडत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक वाचक, दादर, मुंबई